एका आजीच्या हयातीत बदललेला समुद्र

१९६१ च्या उन्हाळ्यात कॅनडाच्या मत्स्यखात्याने व्हँकूव्हर बेटालगतच्या सेमोर नॅरोज या अरुंद सागरी वाटेच्या काठावर एक मशीनगन आणून बसवली. निशाण्यावर होते ऑर्का. कॅम्पबेल रिव्हर परिसरात सॅमन धरणाऱ्यांची तक्रार होती, की हे काळे-पांढरे प्राणी सगळा मासा फस्त करतात. मशीनगन सज्ज राहिली, पण तिच्यातून एकही गोळी सुटली नाही. आज तेच खाते ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी सॅमनची मासेमारी ठरावीक काळ बंद ठेवते. कारण ऑर्कांना मासा पुरत नाही.

या दोन निर्णयांमध्ये साठेक वर्षे गेली. सरकारी कारभारात एवढ्या काळात पिढ्या उलटतात. ऑर्काच्या मादीचे मात्र एक आयुष्यही पुरे होत नाही. मादी ऐंशी वर्षांपर्यंत, क्वचित त्याहून जास्त जगते. या किनाऱ्यावरच्या कुळांमध्ये ‘एल-२५’ या क्रमांकाने ओळखली जाणारी एक वयोवृद्ध मादी आहे. तिचा जन्म १९२८ च्या सुमाराचा असावा असा अंदाज आहे आणि अलीकडच्या गणनांतही ती दिसलेली आहे. हा अंदाज बरोबर असेल, तर ती जन्मली तेव्हा कोलंबिया नदीच्या मुख्य प्रवाहावर एकही धरण नव्हते आणि पीसीबी ही विषारी रसायने कारखान्यांतून विक्रीला यायची होती. ऑर्काचे शरीर घडायला पाच कोटी वर्षे लागली. त्याच्या चालीरीती घडायला काही लाख वर्षे लागली. ज्या समुद्रासाठी तो घडला, तो समुद्र एका आजीच्या हयातीत बदलला. ऑर्कांवर आज ओढवलेली बहुतेक संकटे या तीन वेगांच्या तफावतीतून आलेली आहेत.

या प्राण्याची कहाणी सुरू होते ती भारतीय उपखंडात. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मूच्या राजौरी जिल्ह्यातील कालाकोटजवळ गोळा केलेल्या खडकांत एका लहान खुरी प्राण्याचे अवशेष होते. १९७१ मध्ये त्यांनी त्याला ‘इंडोहायस’ असे नाव दिले. बरेचसे खडक मात्र न फोडता तसेच राहिले. राव यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते अमेरिकेतील शरीररचनातज्ज्ञ हान्स थेविसन यांच्या हाती दिले. प्रयोगशाळेत साफसफाई चालू असताना एका कवटीचे कानाजवळचे हाड चुकून मोडले आणि त्याची आतली बाजू उघडी पडली. हाडाची एक भिंत विलक्षण जाड होती. कानाच्या हाडाची अशी जाडी तोवर फक्त देवमासे आणि डॉल्फिन यांच्या वंशात माहीत होती. २००७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि देवमाशांच्या वंशावळीतला हरवलेला दुवा कालाकोटच्या खडकांत असल्याचे जगाला कळले.

इंडोहायस सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा. अंगाने मांजराएवढा, चणीने आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरीसारखा. त्याच्या पायांची हाडे मात्र पिसोरीच्या मानाने फार जड होती; पाण्यात शिरल्यावर अंग वर तरंगू नये म्हणून अशा हाडांचा उपयोग होतो. आफ्रिकेत पिसोरीची एक भाऊबंद जात आजही धोका दिसताच ओढ्यात उडी घेऊन पाण्याखाली दडून बसते. इंडोहायसही असाच भीतीपोटी पाण्यात शिरला असावा, असे थेविसन यांचे मत आहे.

त्या काळी भारताची भूमी उत्तरेकडे सरकत आशियाला भिडत होती आणि मधल्या टेथिस समुद्राचे उथळ, कोमट पाणी आटत चालले होते. या किनाऱ्यांवर पुढचे सगळे प्रयोग झाले. पाकिस्तानात सापडलेला पाकिसेटस लांडग्याएवढा होता आणि चार पायांवर चालायचा. त्याच परिसरातला अँब्युलोसेटस मगरीसारखा पाण्यात दबा धरून बसत असावा. कच्छमधल्या खडकांत अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात देवमाशांचे पूर्वज शोधून काढले. पुढे तिथेच सापडलेल्या एका छोट्या, लांब शेपटीच्या प्राण्याला सुनील बाजपेयी आणि थेविसन यांनी ‘कच्छिसेटस’ असे नाव दिले. इजिप्तच्या वाळवंटात, वादी अल हितान येथे बॅसिलोसॉरसचे लांबलचक सांगाडे आहेत. हा प्राणी पूर्णपणे पाण्यात राहणारा. मागचे पाय उरलेले, पण इतके तोकडे की चालायला निरुपयोगी. जमिनीवरच्या खुरी प्राण्यापासून इथवरचा प्रवास साधारण एक कोटी वर्षांत झाला. आज जमिनीवर या वंशाचा सर्वांत जवळचा नातेवाईक उरला आहे तो पाणघोडा.

पुढे पृथ्वी थंड होत गेली, अंटार्क्टिका बर्फाने झाकली गेली, समुद्रप्रवाह बदलले. देवमाशांच्या दात असलेल्या शाखेने आवाज फेकून त्याच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य ओळखण्याची विद्या मिळवली. ऑर्का याच शाखेतला, डॉल्फिनच्या कुटुंबातला सर्वांत मोठा सदस्य. नराची लांबी आठ मीटरच्या पुढे जाते, वजन सहा टनांच्या. एवढ्या मोठ्या शिकाऱ्याचा इतिहास फार जुना असेल असे कोणालाही वाटेल. पण ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर मिळालेल्या एका जीवाश्माने २०२२ मध्ये या समजुतीला धक्का दिला. सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा हा ऑर्काचा नातलग माशांवर जगत होता. त्याच्या अवशेषांसोबत माशांचे अवशेषही मिळाले. इतर पुरावे जोडून पाहिल्यावर संशोधकांनी निष्कर्ष काढला, की देवमाशांना आणि सीलना मारून खाणारा शिकारी ही ऑर्काची ओळख उत्क्रांतीच्या मानाने अगदी ताजी आहे.

मग एवढ्या थोड्या काळात तो ध्रुवापासून ध्रुवापर्यंत प्रत्येक समुद्रात पोचला कसा? त्याचे उत्तर शिकवणीत आहे. नॉर्वेच्या फियॉर्डांत ऑर्का हेरिंगच्या थव्यांना घेरून गोळा करतात आणि शेपटीच्या तडाख्याने बधिर करून एकेक मासा टिपतात. अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर ते लाटेबरोबर वाळूवर झेपावतात, समुद्रसिंहाचे पिल्लू उचलतात आणि अंग वळवून परत पाण्यात उतरतात. अंटार्क्टिकात चार-पाच जण एका ओळीत पोहत लाट उठवतात आणि हिमखंडावर निजलेल्या सीलला पाण्यात लोटतात. न्यूझीलंडच्या उथळ पाण्यात ते पाकट धरतात. हे सगळे एकाच सांगाड्याचे, एकाच दातांचे प्राणी. वाल्देसला जन्मलेल्या पिल्लाला वाळूवर झेप घ्यायला त्याची आई वर्षानुवर्षे शिकवते. ते पिल्लू नॉर्वेत जन्मले असते, तर हेरिंग वळायला शिकले असते.

ही शिकवण किती खोलवर रुजते, हे १९७० मध्ये एका दुर्दैवी प्रसंगातून कळले. १ मार्च रोजी व्हिक्टोरिया शहराजवळच्या पेडर बे या खाडीत पाच ऑर्का जाळ्यात अडकवण्यात आले. त्यांतले दोन मत्स्यालयात नेले, तीन तिथेच जाळ्यात ठेवले. त्यांना रोज मासे टाकले जात. ते तोंडही लावत नसत. दिवस गेले, आठवडे गेले, अंगावरची हाडे दिसू लागली. अडीच महिन्यांनी त्यांतली एक मादी उपाशी मेली. त्यानंतर काही दिवसांनी उरलेल्या दोघांनी पहिल्यांदा सॅमन स्वीकारला आणि पुढचे महिने ते माशांवर जगले. शरद ऋतूत कोणीतरी जाळे खाली दाबून त्यांना वाट करून दिली. मोकळ्या समुद्रात गेल्यावर ते पुन्हा सीलच्या शिकारीला लागले. मासा त्यांच्या पोटाला चालत होता. पण त्यांच्या कुळाच्या लेखी ते अन्नच नव्हते.

त्यावेळी या घटनेचा अर्थ कोणालाच लागला नव्हता. तो लावला मायकल बिग यांनी. कॅनडाच्या मत्स्यखात्यात काम करणाऱ्या बिग यांच्यावर १९७१ मध्ये ऑर्का मोजण्याची जबाबदारी आली. पाठीवरच्या पराचा आकार, त्यावरच्या खाचा आणि परामागचा राखाडी डाग यांवरून प्रत्येक ऑर्का वेगळा ओळखता येतो, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले. किनाऱ्यावर ऑर्का हजारोंनी असतील असा समज होता. भरले काही शेकडे. फोटोंच्या संग्रहातून हळूहळू दिसू लागले, की त्याच पाण्यात दोन समाज राहतात. एक सॅमन खाणारा, मोठ्या कुटुंबांत वावरणारा आणि बोलका. त्याला ‘रेसिडेंट’ म्हणतात. दुसरा सील, समुद्रसिंह आणि पॉर्पॉइज मारणारा, लहान टोळ्यांत मुकाट फिरणारा. त्याला आता ‘बिग्ज ऑर्का’ म्हणतात. जॉन फोर्ड यांनी ध्वनिमुद्रणे ताडून पाहिली तेव्हा प्रत्येक कुटुंबाची बोलीही वेगळी निघाली. हे दोन समाज शेजारून जातात, पण एकमेकांत मिसळत नाहीत, सोयरीक करत नाहीत. त्यांच्या वाटा लाखो वर्षांपूर्वी फुटल्या, असे जनुकीय अभ्यास सांगतात. २०२४ मध्ये काही संशोधकांनी या दोघांना स्वतंत्र जाती मानावे असा प्रस्ताव मांडला. त्यावर एकमत झालेले नाही. मात्र आहार आणि शिकवण वेगळी झाली की पुढे रक्तही वेगळे होते, याचे इतके ठसठशीत उदाहरण प्राणिसृष्टीत क्वचितच मिळेल.

रेसिडेंट कुटुंबात मुलगे आणि मुली आयुष्यभर आईजवळ राहतात. मादीची विणण्याची वर्षे चाळिशीच्या आसपास संपतात, त्यानंतर ती कित्येक दशके जगते. पाळी थांबल्यानंतर दीर्घकाळ जगणाऱ्या सस्तन प्राण्यांत माणसाबरोबर दात असलेल्या देवमाशांच्या मोजक्या जातीच आहेत, आणि ऑर्का त्यांतली एक. सॅमन कमी झालेल्या वर्षांत या वृद्ध मादी कळपाच्या पुढे पोहताना जास्त दिसतात. आजी जिवंत असेल तर नातवंडे तगण्याची शक्यता वाढते, आणि दुष्काळी वर्षांत हा फरक सर्वाधिक असतो, हे चार दशकांच्या नोंदींवरून सिद्ध झाले आहे. कोणत्या नदीच्या मुखाशी कोणत्या महिन्यात मासा येतो, हे आजीला ठाऊक असते. तिचे ज्ञान ज्या नद्यांवर बेतलेले आहे, त्या नद्या जागेवर असल्या म्हणजे झाले.

माणसाने या समाजावर पहिला घाव घातला तो थेट पिल्लांवर. १९६४ मध्ये व्हँकूव्हरच्या मत्स्यालयाला ऑर्काचा पुतळा करायचा होता. नमुन्यासाठी एक ऑर्का मारून आणायला माणसे धाडली गेली. हार्पून लागूनही तो मेला नाही, म्हणून त्याला ओढत बंदरात आणले. ‘मोबी डॉल’ या नावाने ओळखला गेलेला हा जखमी जीव तीन महिन्यांच्या आत मेला. पण तेवढ्या दिवसांत हजारो लोकांनी पाहिले, की ज्याला ते खुनी समजत होते तो प्राणी सौम्य आहे. या शोधाचे फळ मात्र कडू निघाले. भीती गेली आणि बाजारभाव आला.

८ ऑगस्ट १९७० रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या पेन कोव्ह येथे विमाने, वेगवान होड्या आणि स्फोटके वापरून ऑर्कांचे कळप खाडीत कोंडण्यात आले. आयांना जाळ्याबाहेर ठेवून पिल्ले उचलण्यात आली. या धरपकडीत चार पिल्ले आणि एक मोठी मादी बुडून मेली; ही गोष्ट लपवण्यासाठी पिल्लांची पोटे फाडून, दगड भरून, त्यांना समुद्रात बुडवण्यात आले. काही महिन्यांनी ती किनाऱ्याला लागली, तेव्हा लोकांना खरा प्रकार कळला. पकडलेल्यांतली एक लहान मादी, टोकीटे, मायामीच्या मत्स्यालयात गेली आणि ‘लोलिता’ नावाने पन्नास वर्षे एका अपुऱ्या टाकीत खेळ करत राहिली. एल-२५ हीच तिची आई असावी असे अनेकांना वाटते. लमी या आदिवासी समाजाने तिला आपल्या नात्यातली मानून घरी आणण्यासाठी लढा दिला. परतीची तयारी चालू असतानाच १८ ऑगस्ट २०२३ रोजी ती मेली.

वॉशिंग्टन राज्यात १९७६ नंतर अशी धरपकड थांबली. तोवर ‘सदर्न रेसिडेंट’ नावाच्या या एकट्या समाजातून सुमारे पन्नास ऑर्का नेले किंवा मारले गेले होते. त्यांत बहुतेक कोवळ्या वयाचे. ज्यांनी पुढे पिढी वाढवायची, तेच नाहीसे झाले. लोकसंख्या सावरत १९९५ मध्ये ९८ पर्यंत गेली आणि पुन्हा घसरली. आज ती सत्तरीच्या थोडी वर आहे. १९९० नंतर जन्मलेल्या आणि जनुकीय तपासणी झालेल्या पिल्लांपैकी निम्म्याहून जास्त पिल्लांचे बाप फक्त दोन नर निघाले. २०२३ च्या एका अभ्यासाने दाखवले, की जवळच्या नात्यातल्या संकरामुळे या समाजातल्या पिल्लांचे आयुष्यमान घटते आहे. शेजारी दुसरे ऑर्का आहेत, पण कुळाचार त्यांच्याशी सोयरीक होऊ देत नाही.

त्यात अन्नाचा प्रश्न. सॅमनच्या अनेक जातींपैकी यांची पसंती चिनूकला, कारण तो सर्वांत मोठा आणि चरबीयुक्त. चिनूक नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत चढतो. कोलंबिया आणि तिची उपनदी स्नेक यांवर धरणांची रांग उभी राहिली. जंगलतोडीने आणि शेतीने ओढ्यांचे पाणी गढूळ आणि गरम झाले. मासेमारीने मोठे मासे आधी उचलले. हाताला लागणारा चिनूक संख्येने कमी झाला आणि आकारानेही लहान. सॅम्युएल वॉसर यांच्या गटाने शिकवलेल्या कुत्र्यांच्या मदतीने समुद्रावर तरंगणारी ऑर्कांची विष्ठा गोळा केली आणि तिच्यातली संप्रेरके तपासली. २००८ ते २०१४ या काळात ओळखता आलेल्या गर्भधारणांपैकी ६९ टक्के वाया गेल्या होत्या. आईच्या पोटाला पुरत नव्हते, मग पोटातल्या जिवाला कुठून पुरणार?

२०१८ च्या जुलैत या समाजातल्या ताहलेक्वा या मादीचे पिल्लू जन्मल्यावर अर्ध्या तासात मेले. तिने त्याला सोडले नाही. नाकाने उचलत, पाण्यात घसरले की बुडी मारून पुन्हा वर आणत, ती सतरा दिवस आणि सुमारे १६०० किलोमीटर पोहत राहिली. जगभरच्या बातम्यांत ते दृश्य गेले. २०२५ च्या सुरुवातीला तिच्यावर पुन्हा तीच वेळ आली. या वेळीही ते मादी पिल्लू होते. प्राण्यांच्या वागण्याला माणसाच्या भावना चिकटवू नयेत हा शास्त्राचा दंडक योग्य आहे. तरी याला शोक म्हणायचे नाही तर काय म्हणायचे, असा प्रश्न ते पाहणाऱ्या संशोधकांनाही पडला.

असलेला मासाही हाती लागेल याची खात्री नाही, कारण शिकार कानांवर चालते. सिएटल आणि व्हँकूव्हर बंदरांकडे जाणारी मालवाहू जहाजे नेमकी याच पाण्यातून जातात. इंजिन आणि पंख्याचा घोंघाट पाण्यात दूरवर पसरतो आणि प्रतिध्वनी त्यात बुडून जातात. होडी जवळ आली की मादी, विशेषतः पिल्लू असलेली, शिकार सोडून देते, असे निरीक्षण आहे. व्हँकूव्हर बंदराने २०१७ पासून जहाजांना या पट्ट्यात वेग कमी करण्याचे आवाहन सुरू केले आणि बहुसंख्य जहाजे ते पाळतात. वॉशिंग्टन राज्यात जानेवारी २०२५ पासून होड्यांनी सदर्न रेसिडेंटपासून हजार यार्ड, म्हणजे जवळपास एक किलोमीटर, दूर राहावे असा कायदा आहे. आवाज हे असे प्रदूषण आहे की यंत्र मंदावले की ते त्याच क्षणी कमी होते. म्हणून यात ढिलाई करायला कोणतीही सबब उरत नाही.

रसायनांचे तसे नाही. पीसीबी ही विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, रंगांत आणि फटी बुजवणाऱ्या लुकणांत वापरली जाणारी रसायने १९२९ पासून व्यापारी प्रमाणावर बनू लागली. अमेरिकेने १९७९ मध्ये त्यांचे उत्पादन बंद केले, २००१ च्या स्टॉकहोम कराराने जगाने त्यांना हद्दपार करायचे ठरवले. पण ती विरत नाहीत. चिखलातून सूक्ष्मजीवांत, त्यांतून लहान माशांत, मोठ्या माशांत, सीलमध्ये आणि शेवटी ऑर्काच्या चरबीत ती साठत जातात, आणि प्रत्येक पायरीवर त्यांचे प्रमाण वाढते. नर ती आयुष्यभर वागवतो. मादी मात्र बरीचशी दुधावाटे पहिल्या पिल्लाला देऊन टाकते. जानेवारी २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या टायरी बेटावर लुलू नावाची मादी मृतावस्थेत सापडली. तिच्या चरबीत किलोमागे ९५७ मिलिग्रॅम पीसीबी होते. सागरी सस्तन प्राण्यांना गंभीर बाधा होते ती पातळी ४१ मानली जाते. वयात आलेली असूनही तिला कधी पिल्लू झाले नव्हते. तिच्या समाजात जॉन को आणि अ‍ॅक्वेरियस हे दोन वृद्ध नर तेवढे नियमित दिसतात; त्यांच्यानंतर तो समाज संपणार हे जवळपास निश्चित आहे. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार जगातल्या निम्म्याहून जास्त ऑर्का-समाजांचे दीर्घकालीन भवितव्य एकट्या पीसीबीमुळे धोक्यात आहे.

अशीच मूक अखेर अलास्कात चालू आहे. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन व्हाल्डीझ हे तेलवाहू जहाज प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर चढले. त्याआधी ‘एटी-१’ नावाच्या सीलभक्षी समाजात २२ ऑर्का होते. गळतीनंतर त्यांतले नऊ थोड्याच काळात नाहीसे झाले. १९८४ नंतर या समाजात एकही पिल्लू जगलेले नाही.

सगळीकडे हीच गत आहे असे मात्र नाही. सदर्न रेसिडेंट उपाशी राहतात त्याच पाण्यात बिग्ज ऑर्का भरभराटीला आले आहेत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडा आणि अमेरिकेने या किनाऱ्यावरच्या सीलच्या हत्येवर बंदी घातली. सील वाढले, समुद्रसिंह वाढले आणि त्यांच्या मागोमाग बिग्ज ऑर्काही वाढले. आज किनाऱ्यावर त्यांची संख्या साडेतीनशेच्या आसपास आहे. सीलच्या चरबीतून त्यांच्या अंगात पीसीबी रेसिडेंटांपेक्षा जास्त जाते, तरीही ते वाढत आहेत, कारण पोट भरलेले आहे. उपाशी प्राणी अंगची चरबी जाळतो, तेव्हा तिच्यात साठलेले विष रक्तात उतरते. भरल्या पोटी ते बरेचसे जागच्या जागी राहते. ही तुलना फार मोलाची आहे. ऑर्का नावाची जात धोक्यात आहे का, हा प्रश्नच यामुळे अपुरा ठरतो. जगात किमान पन्नास हजार ऑर्का असावेत असा अंदाज आहे. पण प्रत्येक समाजाचे अन्न वेगळे, म्हणून प्रत्येकाचे नशीबही माणसाच्या वेगळ्या निर्णयाला बांधलेले. एक समाज संपला की त्याची बोली, त्याचे मार्ग, त्याची शिकारीची पद्धत यांची भरपाई दुसरा करू शकत नाही.

ऑस्ट्रेलियातले ईडन गाव हे याचे जुने उदाहरण. तिथल्या टूफोल्ड बेमध्ये ऑर्का देवमाशांना खाडीकडे वळवून आणत आणि डेव्हिडसन कुटुंबाच्या होड्या हार्पून चालवत. ही जवळीक मूळची थावा आदिवासींची; होड्यांवर त्यांची माणसेही असत. मारलेल्या देवमाशाची जीभ आणि ओठ ऑर्कांना द्यायचे, बाकी माणसाने घ्यायचे, असा रिवाज होता. ‘ओल्ड टॉम’ हा त्यांच्यातला प्रसिद्ध नर १९३० मध्ये मेला. त्याचा सांगाडा ईडनच्या संग्रहालयात आहे. २०२३ मध्ये त्याच्या दाताच्या आणि जबड्याच्या जनुकांची जगभरच्या ऑर्कांशी तुलना झाली, तेव्हा त्याचे थेट वंशज आढळले नाहीत.

विसाव्या शतकात माणसाने सुमारे २९ लाख मोठे देवमासे मारले. त्याचे पडसाद ऑर्कांमार्फत कुठवर गेले असावेत, यावर एक धाडसी मांडणी आहे. अलास्काच्या अल्यूशन बेटांभोवती १९९० च्या दशकात समुद्री पाणमांजरे झपाट्याने घटली. जेम्स एस्टिस आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, की केवळ पाणमांजरांवर जगणारे चार ऑर्कासुद्धा एवढी घट घडवू शकतात. पाणमांजरे गेली, त्यांचे खाद्य असलेले सागरी अर्चिन वाढले आणि त्यांनी केल्पची पाण्याखालची जंगले खाऊन उजाड केली. देवमासे संपले म्हणून ऑर्का आधी सीलकडे, मग पाणमांजरांकडे वळले, अशी साखळी पुढे काहींनी जोडली. या जोडणीबद्दल तीव्र मतभेद आहेत आणि पुरावा पाहता ते रास्तही आहेत. उत्तर ध्रुवाकडे मात्र चित्र स्पष्ट आहे: उन्हाळ्यातला बर्फ मागे हटतो तसे ऑर्का हडसन उपसागरात आणि कॅनडाच्या उत्तरेकडच्या खाड्यांत अधिक येऊ लागले आहेत. ते आसपास असले की नार्व्हाल जातीचे देवमासे खुले पाणी सोडून किनाऱ्याला चिकटून राहतात. त्या नार्व्हालवर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या इनुइट लोकांना आता या नव्या शिकाऱ्याशी स्पर्धा करावी लागत आहे.

२०२० पासून स्पेन आणि पोर्तुगालच्या किनाऱ्यावर ऑर्का शिडाच्या नौकांची सुकाणू मोडतात आणि काही नौका त्यामुळे बुडाल्याही. ‘ऑर्कांनी सूड उगवला’ अशा मथळ्यांची रेलचेल झाली. त्यांचा अभ्यास करणाऱ्या बहुतेकांना हा पोरवयातल्या ऑर्कांचा पसरत गेलेला खेळ वाटतो. सूड म्हणून ही गोष्ट रंगवण्यात मोठा धोका आहे, कारण सूड घेणाऱ्यावर बंदूक रोखणे सोपे जाते, आणि पन्नासहून कमी उरलेला हा ब्लूफिन ट्यूनावर जगणारा समाज अतिसंकटग्रस्त आहे.

आपल्या बाजूच्या समुद्रातही ऑर्का आहेत, पण तुरळक. २०१९ मध्ये अबू धाबीजवळ दिसलेल्या ऑर्कांचे फोटो श्रीलंकेच्या पाण्यात पूर्वी टिपलेल्या फोटोंशी जुळले, म्हणजे अरबी समुद्र ओलांडून जाणारे प्रवासी त्यांच्यात आहेत. मासेमार आणि पर्यटक यांच्याकडचे असे फोटो जमवूनच या समुद्रातल्या ऑर्कांची ओळख पटू लागली आहे.

आजवर सर्वांत आश्वासक पाऊल पडले ते समुद्रात नव्हे, नदीवर. ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियातून वाहणाऱ्या क्लॅमथ नदीवरची चार धरणे युरोक आणि इतर आदिवासी समाजांच्या दीर्घ लढ्यानंतर २०२४ मध्ये पूर्ण हटवली गेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, काम संपून काही आठवडेच झाले होते, तेव्हा शंभर वर्षांत पहिल्यांदा चिनूक धरणांच्या जागेपलीकडे ओरेगॉनमध्ये पोचले. क्लॅमथचा चिनूक समुद्रात उतरतो तेव्हा सदर्न रेसिडेंटच्या हिवाळी फेऱ्यांच्या टप्प्यात येतो. आता नजर आहे ती स्नेक नदीच्या खालच्या टप्प्यातल्या चार धरणांवर. ती वीज देतात आणि त्यांच्यामुळे आयडाहोचा गहू पडावांतून समुद्राकडे जातो. तिथल्या शेतकऱ्यांची काळजी खोटी नाही, तिला पर्याय द्यावा लागेल. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने आदिवासी समाज आणि दोन राज्यांशी एक करार केला. त्यात सॅमनच्या पुनरुज्जीवनासाठी निधी होता आणि ही वीज व वाहतूक दुसऱ्या मार्गाने भागवण्याचा अभ्यासही होता. जून २०२५ मध्ये नव्या सरकारने तो करार मोडला. धरणे पाडण्याचा अधिकार अमेरिकी काँग्रेसकडे आहे, आणि तशी मंजुरी तिने अजून दिलेली नाही.